डिस्ट्रिक्ट १०, ३२ की २६? आमचा सिनेटर नक्की कोणता? (लाउडन काउंटी, व्हर्जिनिया)

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

नागरिकत्वाची शपथ होऊन काही महिने झाले आणि मतदार नोंदणीही झाली. आता टपालपेटी उघडायची भीती वाटते. गुळगुळीत कागदावरची ती मोठमोठी कार्डं येतात ना, ती मी फ्रीजवर लावून ठेवली आहेत. एकावर डिस्ट्रिक्ट १०, दुसऱ्यावर ३२, तिसऱ्यावर २६. तिघेही म्हणतात, मी तुमचा प्रतिनिधी. राहायला आम्ही साउथ रायडिंगकडे, डलस विमानतळाच्या पश्चिमेला.

मला प्रेसिडेंट कळतो, गव्हर्नर कळतो, वॉशिंग्टनमधले दोन सिनेटर कळतात. हा मधला 'स्टेट सिनेटर' काय करतो? आपल्या विधान परिषदेसारखं काही आहे का? आणि मला ज्यांचा त्रास होतो त्या गोष्टी कुणाच्या अखत्यारीत येतात? ग्रीनवेचा टोल, घरामागे उभं राहणारं डेटा सेंटर, विजेचं बिल.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच घोष असतो, 'आपला माणूस आहे, डोळे मिटून मत द्या.' मला डोळे मिटायचे नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

घरात मी आणि आई नागरिक. आई भावामुळे आधीच झाली. नवरा अजून ग्रीन कार्डवर.

---

चिंगी

अगं, स्टेट सिनेट म्हणजे विधान परिषदच की. वरचं सभागृह. ज्यांना कुठे जागा मिळाली नाही त्यांची सोय. फार डोकं लावू नकोस, प्रेसिडेंटच्या वेळी जा आणि मत देऊन ये. बाकीच्या निवडणुकांना आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही.

---

निवृत्तनाना

चिंगे, कुत्रं फिरकत नाही म्हणूनच जायचं असतं. सविस्तर लिहितो. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे, आणि गेली काही वर्षं मतदान केंद्रावर 'ऑफिसर ऑफ इलेक्शन' म्हणून बसतो, त्यामुळे जरा तोंडही सुटलेलं आहे.

आधी तुझ्या फ्रीजवरची कार्डं लावून घेऊ. १० हा वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसचा मतदारसंघ. ३२ हा रिचमंडच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या, सिनेटचा आणि २६ रिचमंडच्याच हाउस ऑफ डेलिगेट्सचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा. तिन्ही आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. सिनेटच्या जागा ४०, डेलिगेट्सच्या १००. २०२० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ८६,३१,३९३ भरली, तिला ४० ने भाग, म्हणजे एका सिनेटरमागे साधारण २,१५,८०० माणसं. ३२ नंबर आपल्याच काउंटीच्या पूर्व भागात बसतो.

विधान परिषदेशी तुलना करू नकोस. आपल्या परिषदेच्या ७८ जागा: ३० आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक संस्थांच्या, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. सामान्य मतदार तिथे थेट पोचतच नाही. इथला सिनेटर थेट तुझ्यामाझ्या मतावर निवडून येतो, चार वर्षांसाठी, आणि त्याचं मत डेलिगेटच्या मताइतकंच कडक असतं. विधेयक दोन्हीकडे मंजूर झाल्याशिवाय गव्हर्नरच्या टेबलावर जात नाही. पगार वर्षाला १८,००० डॉलर. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी बहुधा ४६. म्हणजे माणूस अर्धवेळ, पोटाला दुसरी नोकरी. चांगलं की वाईट ते तूच ठरव, मला विचारशील तर वाईट. नोकरीतून दोन महिने मोकळं होता येतं असाच माणूस मग उभा राहू शकतो.

आता तुझ्या तीन दुखण्यांकडे येतो.

टोल. डलस ग्रीनवे हा खाजगी रस्ता आहे, १९९५ पासूनचा, लीसबर्गपासून विमानतळापर्यंत १४ मैल. त्याचा दर काउंटी ठरवत नाही, रिचमंडमधलं स्टेट कॉर्पोरेशन कमिशन ठरवतं. गर्दीच्या वेळचा ५.८० डॉलरचा टोल ८.१० वर न्यायची मागणी कंपनीने केली होती, २०२४ मध्ये कमिशनने ती फेटाळली. का फेटाळता आली? कारण दर इतका नको की लोक रस्ता वापरायचेच थांबतील, अशी अट कायद्यात आहे, आणि २०२१ मध्ये विधिमंडळाने तो कायदा आणखी आवळला. ते विधेयक नेणारे तेव्हाचे डेलिगेट म्हणजे सुहास सुब्रमण्यम. तुझ्या फ्रीजवरच्या १० नंबरच्या कार्डावर आज त्यांचंच नाव असेल बघ.

वीजबिलाचा दरही त्याच कमिशनकडे. आणि त्या कमिशनचे तीन सदस्य कोण निवडतं? विधिमंडळ! इथले न्यायाधीशही विधिमंडळच निवडतं, अशी पद्धत अमेरिकेत आता फक्त दोन राज्यांत उरली आहे, आपण आणि साउथ कॅरोलिना. तेव्हा ज्याला 'मधला' म्हणतेस तो बिलापासून कोर्टापर्यंत सगळीकडे हात घालून बसलेला आहे.

डेटा सेंटरचं जरा वाटून आहे. जमिनीचा वापर काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्सकडे. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने नियम बदलला, आता नुसता नकाशा सादर करून डेटा सेंटर उभं करता येत नाही, प्रत्येकाची सुनावणी होते. पण त्या यंत्रांवरची विक्रीकराची सूट राज्याची. त्यांना वीज न्यायला ज्या हाय टेन्शन लाइन लागतात त्यांना मंजुरी पुन्हा त्याच कमिशनची. आणि काउंटीला अधिकार किती? राज्याने कायद्याने दिले तेवढेच, व्हर्जिनियात हा नियम फार कडक पाळतात. सुपरव्हायझरच्या सभेत तीन मिनिटं माइकसमोर बोलून आलीस की अर्धंच काम झालं, उरलेलं अर्धं रिचमंडला.

आणि चिंगी, 'जागा न मिळालेल्यांची सोय' म्हणालीस ना, त्यावर २०२५ च्या जानेवारीची गोष्ट ऐक.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुब्रमण्यम काँग्रेसवर निवडून गेले. सिनेटमध्ये त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. ३२ रिकामी झाली. त्या जागेसाठी डेलिगेट कन्नन श्रीनिवासन उभे राहिले, म्हणजे २६ पण रिकामी व्हायची होती. एक माणूस वर सरकला आणि खाली दोन खुर्च्या हलल्या. दोन्ही पोटनिवडणुका एकाच दिवशी, ७ जानेवारीला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी. ६ तारखेला बर्फाचं वादळ. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली होती, शाळा बंद होत्या, आणि आम्ही मात्र शाळेच्याच जिममध्ये पहाटे पाचला जाऊन टेबलं मांडत होतो. दाराशी ओल्या बुटांचा चिखल, पुसायला कागदी टॉवेलचं एक भेंडोळं. सहाला दार उघडलं तेव्हा बाहेर मोजून तीन माणसं, त्यातल्या एकाच्या हातात बर्फाचं फावडं. ते त्याने आत आणलं आणि कुठे ठेवू म्हणून मलाच विचारलं.

ती जागा रिकामी होण्याआधी सिनेटमध्ये डेमोक्रॅट २१ आणि रिपब्लिकन १९. ही एक जागा फिरली असती तर २०–२०, आणि बरोबरी फोडण्याचं मत लेफ्टनंट गव्हर्नरचं, जे तेव्हा रिपब्लिकन होतं. म्हणजे राज्याचं वरचं सभागृह त्या फावडेवाल्यासारख्या लोकांनी ठरवलं. श्रीनिवासन आरामात आले, २६ मध्ये जेजे सिंग आले. (दुसऱ्या दिवशी रिचमंडमध्ये पाणीपुरवठा बंद पडलेला, सभागृह उघडलं आणि पुढच्या सोमवारपर्यंत लगेच बंद केलं. सहज आठवलं.)

मात्र खरी निवड जानेवारीत झालीच नाही. पूर्व लाउडनमध्ये डेमोक्रॅट उमेदवार ठरला की पुढचं बरंचसं ठरतं. ते ठरलं नोव्हेंबरमध्ये, सार्वत्रिक निवडणुकीनंतर काही दिवसांत पक्षाने स्वतः घेतलेल्या मतदानात. त्याला इथे 'फायरहाउस प्रायमरी' म्हणतात. केंद्रं मोजकी, वेळ एका दिवसाचा, मोजणी पक्षाची. आम्ही सरकारी अधिकारी त्यात नसतो. प्रेसिडेंटच्या निवडणुकीने लोक दमलेले, थँक्सगिव्हिंगची तिकिटं काढलेली. कोण आलं असेल? ज्याला फोन आला तो. व्हर्जिनियात मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे तूही त्यात जाऊ शकली असतीस. नियमित प्रायमरी (उमेदवार ठरवण्याचं सरकारी मतदान) असेल तर ती जूनमध्ये असते, आणि तेव्हा लोक भारतात गेलेले असतात, आंबे खात.

माझं म्हणणं एवढंच की रिकाम्या झालेल्या जागेच्या आतल्या फेरीला जा. नोव्हेंबरचं मत हौसेचं, आतल्या फेरीचं मत कामाचं.

---

एडिसनकर

नाना, फावडं भारी.

तुमच्याकडे निदान पोटनिवडणूक तरी होते. आमच्या न्यू जर्सीत आमदार मध्येच गेला की पक्षाच्या काउंटी कमिटीचे सदस्य जमतात आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत माणूस बसवतात. तो माणूस मग पुढच्या वेळी 'विद्यमान आमदार' म्हणून उभा. काम फत्ते.

४० डिस्ट्रिक्ट, प्रत्येकी एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. सिनेटरची मुदत तर आणखी गमतीची, दशकात आधी दोन वर्षं, मग चार, मग चार, म्हणजे जनगणनेनंतर नवे नकाशे आले की लवकर निवडणूक घेता यावी. आणि प्रायमरीच्या मतपत्रिकेवर काउंटी पक्षाच्या लाडक्यांना एका रांगेत छापायचे, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. वर्षानुवर्षं हेच. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांनी खटला घातला तेव्हा फेडरल न्यायाधीशांनी ते थांबवलं, आणि २०२५ मध्ये नवा कायदा आला. आता पदाखाली सगळी नावं एकत्र. आमच्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना हा विषय निघाला तेव्हा निम्म्या लोकांना रांग होती हेच माहीत नव्हतं, आणि हेच लोक बारामतीत कोण कुणाच्या गटात ते तोंडपाठ सांगतात.

---

रॉकव्हिलवाला

'आपला माणूस' या मुद्द्यावर दोन शब्द. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस म्हणजे आमच्या मेरीलँडचे कुमार बर्वे. १९९० ची निवडणूक, डिस्ट्रिक्ट १७, रॉकव्हिल-गेथर्सबर्ग. तेव्हा इथे मराठी मतं होती तरी किती? ते काही आपल्या मतांवर आले नाहीत. २०२३ पर्यंत राहिले, मधली बारा वर्षं बहुमतातल्या पक्षाचे सभागृहनेते होते. गणेशोत्सवात लोक फोटो काढायला धावायचे, पण कर समितीत काय चाललंय हे विचारणारा विरळा.

आता तुमच्या लाउडनमध्ये उलटं झालंय. नानांनी सांगितलेल्या त्या आतल्या फेरीत एकापेक्षा जास्त भारतीय नावं होती. मग आपला माणूस कोणता? तेलुगूंचा, तमिळांचा, पंजाब्यांचा? 'आपला' म्हणून मत द्यायचं म्हटलं तर कुणाला द्यायचं हेच कळेना.

---

निवृत्तनाना

रॉकव्हिलवाले, सहमत, पण पूर्ण नाही.

मतदाराने आत येऊन स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता तोंडाने किंवा लिहून सांगायचा आणि समोरच्या अधिकाऱ्याने नाव परत म्हणायचं, असा आमच्याकडे नियम आहे. माझ्या शेजारी बसणारी बाई चांगली आहे, मन लावून काम करते, पण एकदा समोर एक क्षीरसागर आजी आल्या. आजींनी नाव सांगितलं, हिने ऐकलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मागे रांग. आजी पुन्हा सावकाश म्हणाल्या, 'क्षी-र-सा-ग-र', मराठी शाळेत शिकवल्यासारखं. हिने पोलबुकच्या (मतदारयादीच्या) स्क्रीनवर एसपासून शोधायला सुरुवात केली. शेवटी मी मान वाकडी करून म्हटलं, के, एस, एच. सापडलं. त्यात मधलं नाव यजमानांचं आणि परवान्यावर वडिलांचं, तो आणखी एक घोळ निस्तरला. नियमाने काही अडलं नसतं, आजींना मत देता आलंच असतं. पण त्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला आपलं कुणी असलं की पाच मिनिटांचं काम एका मिनिटात होतं, आणि आजींना आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटत नाही. तेव्हा 'आपला माणूस' या गोष्टीला किंमत शून्य असं मी म्हणणार नाही.

आज रिचमंडच्या सिनेटच्या अध्यक्षस्थानी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून गझाला हाश्मी आहेत, जन्म हैदराबादचा. २०१९ मध्ये त्या पहिल्यांदा सिनेटवर आल्या ते रिचमंडच्या बाजूच्या मतदारसंघातून, तिथे देशी मतं हाताच्या बोटांवर. त्यांनी आपली ओळख लपवली नाही आणि त्यावर मतंही मागितली नाहीत. मला ते आवडलं.

उमेदवार दाराशी आला की मी एकच विचारतो, 'कमिशनवर कोणाला बसवायचं याबद्दल तुमचं मत काय?' बहुतेक जण हसतात आणि दिवाळीच्या शुभेच्छा देतात. उत्तर देतो त्याचं नाव मी लिहून ठेवतो.

आणखी एक. व्हर्जिनियात राज्याच्या निवडणुकीत देणगीला मर्यादाच नाही. माणसाने द्या, कंपनीने द्या, वीज कंपनीनेही द्या, फक्त जाहीर करा. कुणी किती दिले ते 'व्हीपॅप' या संकेतस्थळावर नावानिशी दिसतं. ग्रुपवर मतं फॉरवर्ड करण्याआधी ते पान उघडा.

---

प्रायॉरिटी_डेट

हे सगळं नागरिकांचं झालं. आम्ही एच-वनवर बारा-पंधरा वर्षं कर भरतो, मुलं इथल्या शाळेत, टोल तोच, वीजबिल तेच. आम्हाला मत नाही, म्हणजे प्रतिनिधीही नाही. हे वाचून नुसती चिडचिड होते.

---

निवृत्तनाना

अरे, चिडचिड रास्त आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत मीही होतो, तेव्हा ती जरा लहान होती इतकंच. पण 'प्रतिनिधी नाही' हे चूक.

वर मी एका सिनेटरमागे २,१५,८०० माणसं म्हटलं. माणसं, मतदार नव्हे. त्यात तू मोजलेला आहेस, तुझी पोरं मोजलेली आहेत. यावर टेक्सासात खटला झाला होता, तोही राज्याच्या सिनेटच्याच मतदारसंघांवरून. तिथल्या दोन मतदारांचं म्हणणं असं की मतदारसंघ मतदारसंख्येवर पाडा, शहरांतल्या मत नसलेल्या लोकांमुळे आमच्या मताचं वजन कमी होतं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८–० ने सांगितलं की एकूण लोकसंख्येवर मतदारसंघ पाडणं योग्यच आहे. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी निकालपत्र लिहिलं, आणि त्यातलं कारण आपल्या कामाचं आहे: प्रतिनिधी सगळ्या रहिवाशांची कामं करतो, फक्त मत देणाऱ्यांची नाही.

त्याआधी तर आपल्याच भागाचा खटला होता. १९६४ मध्ये फेअरफॅक्स आणि आर्लिंग्टनच्या लोकांनी व्हर्जिनियाविरुद्ध जिंकलेला. त्या काळात ग्रामीण काउंट्यांमधल्या थोड्या लोकांना जास्त आमदार आणि इकडे माणसं दाटलेली तरी जागा कमी, असा कारभार होता. कोर्टाने तो मोडला. तेव्हापासून दर दहा वर्षांनी नकाशा नव्याने पाडावाच लागतो. २०२१ मध्ये मतदारसंघ पाडणाऱ्या आयोगाच्या सभासदांचं एकमत होईना, शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दोन तज्ज्ञ नेमून नकाशा करून घेतला, त्यातूनच हा आजचा ३२ निघाला. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदारसंघ अजून २००१ च्या जनगणनेवर चाललेत, हिंजवडी आणि एखादा ओस पडत चाललेला तालुका यांचं काय होत असेल ते बघ.

तेव्हा बिनधास्त फोन कर. सिनेटरच्या कार्यालयात पत्ता विचारतात. निदान मला तरी व्हिसा कोणता असं कुणी कधी विचारलं नाही. देणगी मात्र देऊ नकोस. एच-वनवाल्याने राज्याच्याच काय, कुठल्याही निवडणुकीत पैसे देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाल्याला देता येतात. बिनपगारी प्रचाराला दोघांनाही मुभा आहे.

आणि घाटमाथा, तुझ्या नवऱ्यासाठी महत्त्वाचं. डीएमव्हीत परवान्याच्या कामाला गेला की तिथे मतदार नोंदणीचाही प्रश्न येतो. घाईघाईत 'मी नागरिक आहे' वर खूण करायची नाही. साधी खूण आहे, पण पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी त्यावरून गळ्याशी येतं. कारकून म्हणाला 'करून टाका' तरी करायची नाही.

---

घाटमाथा

नाना, खूप आभार. सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, डीएमव्हीचा भाग दोनदा. फ्रीजवरची कार्डं आता नावासकट लावली आहेत.

दोन शंका उरल्या. श्रीनिवासन यांची मुदत २०२५ पासून पुढे चार वर्षं असते का? आणि आईला इंग्रजी वाचता येत नाही, गुडघ्यांमुळे उभंही राहवत नाही. तिचं मत मी दिलं तर चालेल का?

---

निवृत्तनाना

मुदत मूळ जागेची. सगळे ४० सिनेटर २०२३ ला निवडले गेले, त्यामुळे सगळ्यांची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७. डेलिगेट दर विषम वर्षी.

आईचं मत तू 'द्यायचं' नाहीस, तिला मदत करायची. वाचता येत नसेल तर मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस सोबत नेता येतो, फक्त तो तिचा मालक किंवा तिच्या युनियनचा माणूस नको. एक छोटा फॉर्म भरून घेतात. मग तू मराठीत वाचून दाखव आणि ती सांगेल तोच गोल काळ्या पेनने भर. गाडीतून उतरायचीही गरज नाही. वय ६५ किंवा जास्त असेल किंवा शारीरिक अडचण असेल तर पार्किंगमध्ये थांबायचं, तिथे पाटीवर नंबर असतो, त्यावर फोन केला की अधिकारी मतपत्रिका घेऊन गाडीपाशी येतो. खिडकी उघडून ओळखपत्र तयार ठेवा. सकाळी सहा ते नऊ टाळा, तेव्हा आम्हाला आतलीच रांग आवरत नाही. अकराच्या सुमाराला या. किंवा त्याच्याही आधी, ४५ दिवस लवकर मतदान चालू असतं, तेव्हा तर चहा पिऊन निवांत.